ऑनलाइन गणित स्पर्धा: पाचवीतल्या मुलीबरोबर वापरून झाल्यावर

मुलगी पाचवीत, सेमी-इंग्रजी. राहायला सांगलीत, विश्रामबागला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाच एका गणित स्पर्धेच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली होती. दर रविवारी स्पर्धा, निकाल हातोहात, देशात कितवा नंबर तेही लगेच दिसतं. त्याच्या जोडीला काही फुकटात मिळणाऱ्या गोष्टीही वापरल्या. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे आणि शाळेच्या ग्रुपवर 'घेऊ का?' असं विचारणारे पालक वाढलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

वेग वाढला, हे आधी मान्य करते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा धड मिळत नाही. सात आठे म्हटलं की जी छताकडे बघायची ती आता बघत नाही. लसावि-मसावितली धांदलही कमी झाली. तुमच्यासमोर फक्त शिष्यवृत्ती असेल तर ॲप घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

पण एकदा प्रश्न आला: १ ते १०० संख्या लिहिताना ९ हा अंक किती वेळा लिहावा लागेल? हिने १९ लिहिलं. लाल फुली, पुढचा प्रश्न. खरं तर तिचा विचार बराचसा बरोबर होता. ९ असलेल्या संख्या १९च आहेत. फक्त ९९ मध्ये तो दोनदा येतो, म्हणून उत्तर २०. नेमकं हेच कोणी सांगायला हवं होतं. ॲपमध्ये 'स्पष्टीकरण' असं बटण आहे, ते दाबलं की 'योग्य उत्तर: २०' एवढंच येतं! मग वही काढून दोघी बसलो, आणि त्या रविवारी खरं गणित झालं ते तिथेच.

तेव्हापासून मी स्पर्धा निवडताना पहिल्यांदा दोनच गोष्टी बघते: प्रश्नाला वेळ किती आणि चुकल्यावर पुढे काय. अमेरिकेतली प्राथमिक शाळांची मोएम्स स्पर्धा घ्या, पाच प्रश्नांना ३० मिनिटं. कांगारू स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेवरून सुचली आणि १९९१ साली फ्रान्समध्ये सुरू झाली. तिच्या अमेरिकेतल्या पाचवी-सहावीच्या पेपरात ३० प्रश्न, ७५ मिनिटं. प्रश्न ३, ४ आणि ५ गुणांचे, चढत्या अवघडपणाचे. शेवटचे पाच गुणांचे प्रश्न आम्ही तासाला एक या गतीनेही सोडवलेत. जुने पेपर घरी सोडवायला फार छान. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या वेबसाइटवरचं 'अल्क्युमस' फुकट आहे. तिथे उत्तर चुकलं तर आणखी एक संधी मिळते आणि नंतर रीत पूर्ण लिहिलेली असते. ती स्पर्धा नव्हे, सराव आहे. आणि पाचवीला सुरुवातीला जड जातं, शेजारी बसावं लागतं. प्रश्न इंग्रजीत, त्यामुळे सेमीच्या मुलांना गणित येत असूनही वाक्य अडतं. मी प्रश्न मराठीत मोठ्याने सांगते, बाकी तिचं ती करते.

ॲपच्या नंबरांबद्दल काय सांगू? पहिल्या पानावरची काही मुलं पेपर उघडतो न उघडतो तोच संपवतात. पाचवीचं पोर खरंच इतकं चपळ असतं, का मागे बाबा बसलेले असतात, तुम्हीच ठरवा. पावसाळ्यात एका रविवारी ऐन स्पर्धेत लाइट गेली, वायफाय बंद, आणि घड्याळ मात्र चालूच राहिलं. तक्रारीला उत्तर आलं ते ठरावीक साच्यातलं.

प्रमाणपत्रावर मोठ्या अक्षरात 'ऑलिम्पियाड' छापलेलं असतं, त्याने हुरळून जाऊ नका. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झालं, भारत १९८९ पासून जातो. तिकडची आपली वाट आयओक्यूएम या परीक्षेपासून सुरू होते, तीही हायस्कूलच्या वयात. पाचवीतल्या पदकाचा तिथे काही उपयोग नाही. पदकाचं कुरिअर तर वेगळे पैसे देऊन मागवायचं!

या सगळ्यात लेक सर्वात जास्त रमली ती मात्र एका बिनपैशाच्या खेळात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलेला ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा). जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. तिने मिरजेच्या आजोबांना फोनवर बसवून त्यांच्या गाडीच्या नंबरावर करून दाखवलं. आजोबांनी बदल्यात पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, म्हणून दाखवली, आणि ती मात्र हिला येत नव्हती.

आमच्या बिल्डिंगमधली चार-पाच मुलं आता महिन्यातून एकदा आमच्याकडे जमतात. पाच प्रश्न, अर्धा तास, मग प्रत्येकाने आपली रीत फळ्यावर सांगायची. पहिला नंबर नाही, भडंग सगळ्यांना.

ॲपची वर्गणी यंदा पुढे चालू ठेवणार नाही. तुम्हीही बंद करणार असाल तर नुसतं ॲप काढून टाकून भागत नाही, ऑटो-पे चालूच राहतो. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरलेत तिथे जाऊन तो वेगळा रद्द करा, आणि नूतनीकरणाच्या तारखेआधी करा.