कॉलेजने दिलेल्या स्टडी प्लॅनर अ‍ॅपचा रिव्ह्यू : ५ पैकी ३, त्यातला दीड स्टार ग्रुप रूमचा

आमच्या कॉलेजने फर्स्ट इयरच्या सगळ्या मुलांना हे अ‍ॅप फुकट दिलंय आणि मी शिकवते म्हणून मला टीचर लॉगिन मिळालं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघून लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाही.

आधी चांगलं सांगते. सिलॅबस टाकला की टॉपिक पाडून मिळतात, परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजत टाइमटेबल बनतं, आणि रिव्हिजन आधी दोन दिवसांनी मग आठवड्याने मग महिन्याने अशी आपोआप लागते. एका रात्रीत घोकलेलं उडून जातं आणि अंतर ठेवून केलेलं राहतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून ठेवलंय, तेव्हा हा भाग पक्का आहे. लेक्चर डाउनलोड करून ठेवता येतात, जुन्या फोनवरही फार अडकत नाही. इथपर्यंत फुल मार्क.

आता गडबड कुठे आहे ते. सुरुवातीच्या सेटअपमध्ये तीनच प्रश्न येतात, रोज किती तास देणार, सकाळी की रात्री, टार्गेट किती टक्के. घरी बसायला स्वतंत्र जागा आहे का, फोन तुझा एकटीचा की भावंडांत मिळून एकच, कॉलेज सुटल्यावर कामावर जातोस का, येण्याजाण्यात किती वेळ मोडतो, घरी कुणाचं आजारपण बघायला लागतं का, यातलं काहीच नाही, आणि मग सरळ ९० मिनिटांचे सलग ब्लॉक टाकून अ‍ॅप मोकळं. ज्याला खोलीचं दार लावून घेता येतं त्याच्यासाठी झकास आहे. बाकीच्यांचे ब्लॉक पहिल्याच आठवड्यात मोडतात आणि अ‍ॅप म्हणतं ‘तू मागे पडतोयस’. अरे बाबा, तो मागे पडला नाहीये, तो कामावर गेलाय!

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, संध्याकाळी शिफ्ट करतो आणि प्रवासात पंधरा पंधरा मिनिटं वाचतो, वही इतकी नीट ठेवतो की बाकीची पोरं झेरॉक्स काढतात. पण २५ मिनिटांपेक्षा छोटं सेशन अ‍ॅप मोजतच नाही, म्हणून डॅशबोर्डवर तो माझ्यासमोर लाल रंगात, खाली लिहिलेलं ‘कन्सिस्टन्सी कमी’. मी त्याला ओळखते म्हणून ठीक, ज्या सरांना मुलं फक्त डॅशबोर्डवर दिसतात ते काय समजणार? आळशी. झालं, शिक्का बसला. आणि फोकस स्कोअरची वर्गात रँक लागते हे तर मला अजिबातच पटलेलं नाही.

लक्ष लागत नाही म्हणजे इच्छा नाही असं अ‍ॅप बनवणाऱ्यांनी धरलंय. २०१३ मध्ये सायन्स जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, मणी, मुल्लैनाथन, शफीर आणि झाओ यांचा, त्यात ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या टेस्ट कापणीआधी, म्हणजे हात आखडलेले असताना, आणि कापणीनंतर पैसे आल्यावर घेतल्या. माणसं तीच, पण कापणीआधी स्कोअर कमी आले. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते. मग फी भरायची कशी हे डोक्यात घेऊन बसलेल्या पोराला ‘नोटिफिकेशन बंद करा आणि फोकस करा’ ही टिप देऊन काय होणार सांगा.

मेंटर चॅटचं पण तेच. माणसं चांगली आहेत, उत्तरं लवकर येतात, पण तिथे जातं कोण तर ज्यांच्या घरी आधी कुणीतरी कॉलेज केलंय ती मुलं. त्यांना माहीत असतं की शंका विचारायची असते, मेल कसा लिहायचा, मुदत वाढवून मागता येते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला वाटतं, विचारलं तर आपल्याला काही येत नाही हे उघडं पडेल. त्यात चॅट उघडल्यावर ‘तुमचा नेमका प्रश्न टाइप करा’ असा रिकामा बॉक्स. नेमकं काय कळलं नाही हे कळणं हीच तर अर्धी लढाई असते ना. दर आठवड्याला मेंटरनेच आधी मेसेज टाकला तर हे बरंचसं सुटेल.

आणि आता ग्रुप रूम, जी मेन्यूमध्ये पार खाली लपवून ठेवलीये. चार-पाच जण एकच गणित सोडवतात, एकमेकांचं तपासतात, भांडतात. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्रीझमन नावाच्या गणितवाल्याने बघितलं होतं की कॅल्क्युलसमध्ये बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी नापास होतायत आणि चिनी वंशाचे पुढे जातायत. सगळे म्हणायचे मेहनत कमी, घरचा पाठिंबा कमी. हा त्यांच्यात मिसळून बघायला गेला तर मेहनत होती, पाठिंबाही होता, फक्त ते एकेकटे अभ्यास करत होते आणि चिनी मुलं एकत्र बसून. मग त्याने वर्कशॉप काढले, सोपी रेमेडियल गणितं न देता मुद्दाम अवघड गणितं आणि ती ग्रुपमध्ये, आणि रिझल्ट चढले. माझ्या वर्गात जी मुलं ग्रुप रूममध्ये नियमित बसतात ती आता लेक्चरलाही मध्येच थांबवून विचारतात, याआधी तोंड उघडत नव्हती.

बाकी कॉलेजवाल्यांनी एवढ्यावर काम झालं असं समजू नये. न्यूयॉर्कच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची डिग्री देणाऱ्या कॉलेजांत, २००७ पासून असॅप नावाचा प्रोग्राम आहे, फीची उरलेली रक्कम, पुस्तकं, प्रवासाचा पास आणि वारंवार भेटणारा अ‍ॅडव्हायझर असं सगळं एकत्र देतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रँडम दोन गट पाडून तपासलं तेव्हा ३ वर्षांत डिग्री घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. मुलं तशाच घरांतली, तेवढ्याच हुशारीची.

तर घ्यायचं का? कॉलेज देत असेल तर घ्या. सेटिंगमध्ये जाऊन स्ट्रीक (सलग किती दिवस अभ्यास केला त्याची मोजणी) आणि रँक दोन्ही बंद करा, ब्लॉक स्वतः एडिट करून छोटे करा, स्कोअर गेला उडत, आणि पहिल्याच दिवशी ग्रुप रूम शोधा. स्वतःच्या खिशातून प्रीमियम मात्र नको, त्यात फक्त जास्तीचे ग्राफ मिळतात.