रेषीय समीकरणातून बदलाचा दर: तीन रीतींपैकी कोणती निवडावी?

दोन चलांतील रेषीय समीकरणातून बदलाचा दर, म्हणजेच दहावीच्या निर्देशक भूमितीतील रेषेचा चढ, तीन रीतींनी काढता येतो. समीकरण ‘य = म × क्ष + क’ या रूपात मांडून ‘म’ वाचता येतो, रेषेवरील दोन बिंदूंवरून फरकांचे गुणोत्तर काढता येते, किंवा केवळ सहगुणक पाहून उत्तर लिहिता येते. उत्तर तिन्हींचे एकच येत असल्यामुळे, कोणत्या रीतीत चूक कोठे दडते हे पाहूनच निवड करावी.

नागपूरच्या मे महिन्यातील तापमानाचेच उदाहरण घेऊ. फॅरेनहाइट अंशांना ‘फ’ आणि सेल्सिअस अंशांना ‘स’ म्हटल्यास ५फ − ९स = १६० हे समीकरण मिळते. पहिल्या रीतीने ते फ = (९/५)स + ३२ असे होते; म्हणजे पारा १ अंश सेल्सिअसने चढला की फॅरेनहाइटचा आकडा १.८ ने वाढतो. ३२ चा या दराशी काही संबंध नाही, तरीही घाईत अनेक जण तोच उचलतात. या रीतीत लिखाण अधिक असले, तरी कोणते चल कोणावर अवलंबून आहे हे ठरवल्याशिवाय मांडणीच सुरू होत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा खरा लाभ आहे. ‘स’ एकटा केला तर दर ५/९ येतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

दोन बिंदूंच्या रीतीत स = ० असता फ = ३२ आणि स = ४५ असता फ = ११३ येतो, आणि ८१ ला ४५ ने भागले की पुन्हा ९/५ मिळतात. समीकरणाऐवजी तक्ता किंवा आलेख दिलेला असेल, तर हीच रीत सोयीची. अंशात आणि छेदात वजाबाकीचा क्रम मात्र एकच ठेवावा.

सहगुणकांची रीत सर्वांत जलद आहे: समीकरण ‘अ × क्ष + ब × य = क’ या रूपात असेल, तर दर −अ/ब असतो. एमएचटी-सीईटीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत वेळ वाचवायला ती उत्तम. पण दोन्ही चलपदे एकाच बाजूला आणण्याची अट विसरली की ती दगा देते. कूलरच्या टाकीत ‘त’ तासांनंतर ‘य’ लिटर पाणी उरते आणि ८त = १२० − २य, असे समजा. येथे ब = −२ घेतल्यास दर +४ येतो, म्हणजे भर उन्हाळ्यात टाकी आपोआप भरू लागते! ८त + २य = १२० असे लिहिल्यावरच −४, म्हणजे तासाला ४ लिटरची घट, हे उत्तर मिळते.

दहावीच्या विद्यार्थ्याने पहिली रीत मुख्य ठेवावी आणि तिसरी पडताळ्यासाठी वापरावी, असे मी सुचवेन. विकलन (बदलाचा दर काढण्याची पुढच्या इयत्तांतील क्रिया) करूनही हाच दर मिळतो, परंतु सरळ रेषेसाठी तेवढा खटाटोप अनावश्यक आहे. क्ष = ५ सारख्या उभ्या रेषेपुढे मात्र तिन्ही रीती थांबतात: ‘य’ एकटा करता येत नाही, बिंदूंच्या गुणोत्तराचा छेद शून्य होतो आणि ‘ब’ही शून्य असतो. तेथे ‘दर निश्चित करता येत नाही’ हेच पूर्ण उत्तर आहे; ‘शून्य’ असे लिहू नये, कारण शून्य दर आडव्या रेषेचा असतो.