गुळगुळीत शर्मन, आणि त्याला आलेली कातडी

सांगाडा चोख, कातडी चुकीची. रणगाड्याच्या या प्लॅस्टिक मॉडेल किटबद्दल माझं मत एवढंच आहे. घ्यावं की नाही एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: रंगवण्याइतकाच घासण्यात रस असेल तर घ्या, नसेल तर राहू द्या. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

किट आहे १/३५ मापाच्या एम४ए१ शर्मन रणगाड्याचं. ७६ मिलिमीटरची तोफ, रुंद साखळीचं, आडव्या स्प्रिंगांचं एचव्हीएसएस सस्पेन्शन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. असे जुने साचे वेगवेगळ्या खोक्यांतून फिरत असतात, आणि मी ज्या खोडी काढणार आहे त्या या पिढीच्या बहुतेक शर्मनांत थोड्याफार सापडतात. एकट्या कंपनीला कशाला धरायचं?

मी लातूरला डेंटल लॅब चालवते. दिवसभर कवळ्या, कॅपा, ब्रिज. संध्याकाळी त्याच टेबलावर रणगाडे. हत्यारं तीच, डोळ्यावरचं भिंगही तेच. त्यामुळं खाली काही ठिकाणी दाताच्या धंद्यातलं सामान येईल. ते कुठल्याही शहरात डेंटल मटेरियलच्या दुकानात मिळतं, आणि मॉडेलवाल्यांसाठी म्हणून विकलेल्या हत्यारांपेक्षा पुष्कळ वेळा स्वस्त पडतं.

शर्मनच का, असं आमच्याकडं येणारे विचारतात. जर्मनांचे टायगर, पँथर सगळेच करतात. पण ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला जी लढाई झाली, तिच्यात पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर आपले सेंच्युरियन, एएमएक्स-१३ आणि शर्मन उभे होते. शर्मन होते डेक्कन हॉर्सचे, आणि त्या रेजिमेंटचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. हेच पुढं लष्करप्रमुख झाले. या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं, १९७१ ला दुसरं. दुसऱ्या महायुद्धातलं यंत्र, समोर ९० मिलिमीटर तोफेचा पॅटन. कालवा फोडून शेतात पाणी सोडलेलं, उसाच्या आडोशाला आपले रणगाडे दबा धरून. उसात दडलेला रणगाडा हे चित्र लातूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक धागा आहे. डेक्कन हॉर्सची मुळं निजामाच्या सेवेतल्या घोडदळात, पुढं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या रिसाल्यांत. त्या कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी मोमिनाबादला होती, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला. म्हटलं, चला, शर्मन आपल्याच घरचा आहे.

खोकं उघडल्यावर पहिलं बघितलं ते माप. तोफेसकट लांबी २१-२२ सेंटिमीटर भरते, उंची साडेआठच्या आसपास. कागदावरच्या आकड्यांशी जुळतं. बुरुजाचा आकार, पुढच्या नाकाची गोलाई, इंजिनवरची झाकणं, सगळं जागच्या जागी. भाग एकमेकांत असे बसतात की पुट्टीचा डबा उघडावा लागत नाही. सस्पेन्शनच्या बोगी, म्हणजे चाकांच्या जोडण्या, तर निव्वळ सुख आहे. सूचनापत्रातही गोंधळ नाही.

मग भिंगाखाली हल, म्हणजे रणगाड्याचं धड, धरला. नव्या कवळीसारखा गुळगुळीत!

एम४ए१ चा वरचा हल ओतीव पोलादाचा असतो. बुरुजही ओतीव. ओतीव पोलाद असं चकचकीत नसतं. त्याला खरबरीतपणा असतो, कुठं ओतकामाची उंचवट्याची रेघ, कुठं ग्राइंडर फिरवल्याची सपाटी. ज्यांना हे डोळ्यांनी बघायचंय त्यांनी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एक चक्कर मारावी. लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं हे संग्रहालय १९९४ पासून तिथं आहे. आपल्याकडून बीडमार्गे एका दिवसाचं काम. तिथं शर्मन क्रॅब आहे, सुरुंग झोडणाऱ्या साखळ्यांचा. त्याचा हल वेगळ्या जातीचा, पण बुरुज बघा. उन्हाची तिरीप आडवी पडली की पोलादाची खरी कातडी दिसते.

आता ती कातडी प्लॅस्टिकवर कशी आणायची? पुट्टी लिक्विड सिमेंटमध्ये (म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या पातळ गोंदात) सायीइतकी पातळ करायची, दोन-तीन चौरस इंचाच्या भागावर लावायची आणि ओली असतानाच आखूड कापलेल्या ताठ केसांच्या ब्रशनं टोचत सुटायचं. वाळली की ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं माथे तेवढे उतरवायचे. इथं बहुतेक जण वाहवतात. हिशेब करा: खऱ्या पोलादावर एक मिलिमीटरचा उंचवटा असेल तर १/३५ मध्ये तो ०.०३ मिलिमीटर होतो. म्हणजे नजरेला जेमतेम, बोटाला किंचित. रंगाआधी नुसत्या डोळ्यांना खरबरीतपणा ठळक दिसायला लागला तर तो जास्त झाला. इंटरनेटवर जे रणगाडे संत्र्याच्या सालीचे दिसतात ते सगळे इथंच चुकलेत.

ओतकामाचे आकडे आणि अक्षरं किटमध्ये नाहीत. ती विकत घ्यायची गरज नाही. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात त्या स्प्रूवर जे उठावाचे नंबर असतात, ते नव्या ब्लेडनं अलगद तासायचे आणि सिमेंटच्या एका थेंबावर हलावर बसवायचे. फुकटचं काम, आणि दिसतं मात्र महागाचं.

दुसरी खोड साखळीच्या वर. हलच्या बाजूचा जो भाग साखळीवर छज्जासारखा येतो, त्याला खालून तळच दिलेला नाही. उचलून बघितलं की आतला अंधार दिसतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पॉलिस्टायरीन शीटच्या पट्ट्या कापून बंद केलं. पहिल्या पायरीलाच करा, बोगी लागल्यावर हात जात नाही.

साखळीबद्दल मात्र माझं मत चारचौघांपेक्षा वेगळं आहे. किटमध्ये मऊ व्हिनाइलचे अखंड पट्टे आहेत, आणि नेहमीची तक्रार अशी की पट्ट्याला झोळ येत नाही. अहो, शर्मनला झोळ हवाच कशाला? रबरी बुशवाली ही साखळी ताणूनच बसते. झोळ खाते ती रशियन टी-५५ रणगाड्याची. त्यामुळं झोळासाठी म्हणून सुट्या कड्यांचा सेट घेणार असाल तर पैसे वाया.

तरी मी तो सेट घेतला, त्याचं कारण आपला उन्हाळा. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन असतं, ते वर्षांनुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनला खातं. उष्णतेत हा प्रकार वाढतो. माझ्या एका जुन्या मॉडेलची चाकं कपाटातल्या कपाटात चिकट होऊन पट्ट्यात रुतली आहेत. पारा ४२ वर जाणाऱ्या गावात ही जोखीम का घ्यायची? सुट्या कड्या एका बाजूला ऐंशीच्या घरात भरतात, प्रत्येकीची कड घासायची. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान चाकांना आणि पट्ट्याला आतून ॲक्रिलिक वार्निशचे दोन हात द्यावेत.

पितळी पत्र्याचा सुधारणा-सेट? घेऊ नका. हेडलाइटच्या जाळ्या मी मॅट्रिक्स बँडच्या कात्रणांनी केल्या. दात भरताना दाताभोवती गुंडाळतात ती पातळ स्टीलची पट्टी. फेव्हिक्विकच्या टिपक्यावर मस्त बसते. टो केबलसाठी, म्हणजे रणगाडा ओढायच्या दोरासाठी, गंजगोलाईच्या मागं मोटार रिवाइंडिंगचं दुकान गाठलं. पाण्याच्या मोटारी जळायला आपल्याकडं हंगाम लागत नाही, तांब्याच्या तारेचे तुकडे तिथं ढिगानं पडलेले असतात. वरचं इनॅमल खरडून, तार दिव्यावर तापवून मऊ केली आणि पीळ दिला. दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. "ताई, एवढ्याशा तारेत कुठली मोटार भरायलाव?" म्हणून विचारलं. टँक म्हटल्यावर त्याला पाण्याची टाकी वाटली, मीही दुरुस्त केलं नाही.

तोफेची नळी दोन अर्ध्या भागांत येते. सांधा घालवायला दातांच्या मधे फिरवायच्या फिनिशिंग स्ट्रिप्स वापरा, नळीचा गोलपणा मोडत नाही. मायक्रोमोटर असेल तर सगळ्यात कमी वेगावर, नाहीतर प्लॅस्टिक वितळून बरला, म्हणजे फिरत्या टोकाला, गुंडाळतं. आणि लॅबवाल्यांसाठी खास: कोल्ड क्युअरचं (उष्णतेशिवाय घट्ट होणाऱ्या कवळीच्या ॲक्रिलिकचं) लिक्विड या प्लॅस्टिकला लावू नका, पृष्ठभाग तडकतो.

रंगाकडं येते. एअरब्रश मे महिन्यात दुपारी हातात धरू नये. ॲक्रिलिक हवेतच वाळतो आणि हलावर रंगाऐवजी भुकटी बसते. पहाटे करा, रंगात वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब टाका. पहाटेचा आणखी एक फायदा म्हणजे लाइट असते. सूचनापत्रातला अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब मी घेतला नाही, त्यापेक्षा हिरवट छटा धरली.

डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, हा किटचा सगळ्यात लंगडा भाग. सगळी चिन्हं अमेरिकन, भारतीय एकही नाही. भारतानं ७६ मिलिमीटरवाले एम४ए१ वर्षानुवर्षं वापरले, काही जुन्या शर्मनवर एएमएक्स-१३ ची फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफही चढवली. खोक्यात त्याचा मागमूस नाही. नंबर घरी छापू म्हणाल तर साध्या लेझर प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतो. पांढऱ्या डिकॅल कागदावर रणगाड्याचाच हिरवा छापून अंक कोरे सोडायचे, असा एक मार्ग आहे, पण हिरव्याला हिरवा जुळवताना जीव जातो. मी आकडे ट्रिपल झीरोच्या अगदी बारीक ब्रशनं हातानं लिहिले. आणि डिकॅल लावणार असाल तर लातूरच्या बोअरच्या पाण्यात भिजवू नका. पाणी जड आहे, वाळल्यावर कडेला पांढरा क्षार उठतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या.

धुळीचा धडा मला आमच्या गल्लीतल्या निवृत्त दफेदार काकांनी दिला. विजयंता रणगाड्यावर नोकरी झालेली. कवळी बसवून घ्यायला आले होते, टेबलावरचा शर्मन उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "पोरी, धूळ वरनं पडत न्हाई टँकवर. खालनं चढती. साखळी उडवती, मागच्या अंगाला बसती." मग म्हणाले, "आन् बिस्तरे कुठं हायेत पोरांचे? टँकवाला टँकवर संसार घेऊन फिरतो." बुरुजाच्या मागं गुंडाळलेली ताडपत्री आणि बिस्तरे आले ते त्यामुळं. टिश्यू पेपर, पातळ फेव्हिकॉल. किटमध्ये जेरीकॅन एकच आहे. त्याचा सिलिकॉन पुट्टीत ठसा घेऊन कोल्ड क्युअरमध्ये आणखी ओतले.

धुळीचा रंग महत्त्वाचा. आपल्या रानातली काळी माती लावाल तर टँक खेमकरणला नाही, औशाच्या शिवारात रुतलेला दिसेल. तिकडची माती नदीच्या गाळाची, फिकट. मी पिवळा डेंटल स्टोन घेतला आणि त्यात थोडं तपकिरी पिगमेंट मिसळलं. डेंटल स्टोन म्हणजे जिप्सम, पाणी लागलं की दगड होतो. म्हणून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून लावायचा. अल्कोहोल उडून जातं, पूड तेवढी फटीत बसते, जास्त झाली तर कोरड्या ब्रशनं झटकता येते.

ऊस अजून चालू आहे. अडीच-तीन मीटरचा ऊस १/३५ मध्ये सात ते साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे बुरुजाच्या टोकापर्यंत. पेरांसाठी खराट्याच्या काड्या, पानांसाठी दोन्ही बाजूंनी रंगवलेला बटर पेपर. पाणी सोडलेल्या शेतासाठी रेझिन ओतायचं आहे, ते पावसाळा सरल्यावर. दमट हवेत ते धुरकट होण्याची भीती असते.

पहिल्यांदाच रणगाडा करणाऱ्यांनी हे किट घेऊ नये. जोडून, हिरवा मारून ठेवलं तर ते खेळणं दिसेल, आणि दोष किटचा की हाताचा हेही कळणार नाही. आधी एखादा वेल्डेड हलचा रणगाडा करा, त्यात सपाट पत्रा असतो, कातडीचा प्रश्न येत नाही. दोन-चार मॉडेल झालेल्यांनी जरूर घ्यावं. खर्चाचं म्हणाल तर किटव्यतिरिक्त मी फक्त कड्यांच्या सेटवर आणि शीटवर पैसे घातले, बाकी सगळं लॅबच्या कपाटातून आणि रिवाइंडिंगवाल्याकडून. मागवताना विक्रेत्याला खोक्याभोवती दुसरं खोकं घालायला सांगा. माझ्या पार्सलचा एक कोपरा चेपूनच आला होता. आत तोफेची नळी त्याच कोपऱ्यात असते.