दगडी डायलची डेटोना: जादा किंमत नेमकी कशासाठी?

रोलेक्सच्या कॉस्मोग्राफ डेटोनाच्या काही आवृत्त्यांमध्ये नेहमीच्या डायलऐवजी लाजवर्द, पिरोजा, क्रिसोप्रेझ हा हिरवा दगड किंवा अशनीची, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या धातूपिंडाची, पातळ चकती बसवलेली असते. या घड्याळांविषयी संग्राहकांचे एकमत नाही. काहींना ते केवळ आभूषण वाटते, तर काही जण साध्या डायलच्या डेटोनापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजायला तयार असतात. मी दुसऱ्या गटाच्या बाजूचा आहे, मात्र जादा किंमत मॉडेल क्रमांकाकडे पाहून देऊ नये, हातात असलेल्या दगडाकडे पाहून द्यावी, असे मला ठामपणे वाटते.

दगडी डायल मुळात साध्या, पातळ घड्याळांत रुजली. पियाजे या स्विस घड्याळ कंपनीने 1957 मध्ये अवघ्या 2 मिलिमीटर जाडीची 9पी ही यंत्रणा आणली आणि घड्याळ जाडजूड न होता दगडाला जागा मिळाली. दोन काट्यांच्या घड्याळात चकतीला मधोमध एक भोक पुरते. क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे डेटोनासारख्या स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळात, मात्र मधल्या भोकाशिवाय तिन्ही छोट्या तबकड्यांच्या काट्यांसाठीही भोके पाडावी लागतात. लाजवर्दाची कठीणता खनिजांसाठीच्या 1 ते 10 अशा मोह्स मापनावर 5 ते 5.5 असली, तरी तो एकसंध दगड नसतो. त्यात कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा आणि पायराइटचे सोनेरी कण असतात, आणि दोन खनिजांच्या सांध्यावर तडा जाण्याची भीती कायम राहते. शेवटचे भोक पाडतानाही सगळी मेहनत वाया जाऊ शकते. जादा किमतीतला समर्थनीय वाटा मला या जोखमीत दिसतो, कारण अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला हा दगड, ज्याची निळाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही सापडते, कच्च्या स्वरूपात सोन्याच्या तुलनेत स्वस्तच असतो.

उरलेली किंमत दुर्मीळपणाची. प्लॅटिनमच्या, लाजवर्दी डायल असलेल्या 16516 क्रमांकाच्या डेटोनाला जुलै 2020 मध्ये हाँगकाँगच्या सदबीज लिलावात सुमारे 32 लाख 70 हजार अमेरिकी डॉलर मिळाले. अशा आकड्यावरून इतर दगडी डेटोनांचे भाव ठरवू पाहणारे विक्रेते भेटतात. त्यांचे ऐकू नये. ते घड्याळ नेहमीच्या विक्रीसाठी बनलेले नव्हते, आणि पांढऱ्या सोन्यातल्या, रंगीत पट्ट्यांच्या ‘बीच’ मालिकेशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

2021 मध्ये आलेल्या अशनीच्या डायलचा विचार वेगळा करायला हवा. लोह आणि निकेलचा हा मिश्रधातू लाखो वर्षे अतिशय संथपणे थंड होत गेल्याने त्यात एकमेकांना छेदणारे स्फटिकपट्टे तयार झाले, आणि आम्लाचा हात फिरवल्यावर ते उठून दिसतात. धातू असल्यामुळे तो लाजवर्दासारखा तडकत नाही. ओलाव्याने गंजण्याचा धोका मात्र असतो. करड्या पृष्ठभागावर काळ्या छोट्या तबकड्या स्पष्ट वाचता येतात, त्यामुळे क्रोनोग्राफ म्हणून खरोखर वापरायचे असेल तर माझी पहिली पसंती यालाच राहील.

खरेदीपूर्वी डायल जवाहिऱ्याच्या भिंगाखाली, तिरक्या प्रकाशात फिरवून पाहावी. भोकांच्या कडांवर टवका उडालेला आहे का, एखादी केसासारखी रेघ कडेकडून आत सरकते आहे का, आणि छपाई दगडावर सलग बसली आहे का, हे आधी तपासावे. रंगाचा विचार त्यानंतर. एकाच क्रमांकाच्या दोन घड्याळांत एका डायलचा निळा रंग गडद आणि एकसारखा, तर दुसरीच्या मध्यावर पांढरी शीर, असे सहज घडते. दोघींना सारखीच किंमत सांगितली जात असेल, तर पहिली घ्यावी किंवा दुसरीचा भाव बेधडक पाडून मागावा. डायल मूळची आहे की नंतर बदललेली, याचा लेखी खुलासाही घ्यावा.

पिरोज्याबाबत मी अधिक सावध आहे. हा सच्छिद्र दगड तेल आणि घाम शोषून रंग बदलू शकतो, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी घड्याळाचे कवच उघडणारा कारागीर अनुभवी हवा. केवळ त्या रंगाची ओढ असेल, तर 2025 मध्ये पिवळ्या सोन्यात आलेल्या डेटोनाची पिरोजी डायल पाहावी. ती दगडाची नसून लाखेच्या लेपाची आहे, आणि रोजच्या वापरासाठी मी तीच सुचवेन.