नाशिकच्या अंबडला पावडर कोटिंग करून घेतलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट: पावसाळा आणि थंडी काढल्यावरचा अनुभव

रंग एक नंबर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी सगळी कटकट मास्किंगबद्दल, म्हणजे रंग नको त्या जागा झाकण्याबद्दल आहे.

कॅबिनेट जुनं, पण पत्रा दणकट. आजची स्वस्तातली काचवाली कॅबिनेटं बोटाने दाबली तरी वाकतात, त्यामुळे हे भंगारात द्यायला जीव होईना. बाहेरून काळं आणि आतून जस्ताचा तो करडा उघडा पत्रा, एवढंच काय ते खटकत होतं. मग आतला भाग रंगवून घ्यायचं ठरलं. स्प्रे कॅनचा पर्याय होता. पण इंदिरानगरच्या मित्राने ऐन जुलैत कॅन मारला होता, तो मी पाहिला होता. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक आली, आणि मदरबोर्ड बसवताना प्रत्येक स्क्रूखालचा रंग गोल सालीसारखा निघाला. जस्त गुळगुळीत असतं. पॉलिश पेपरने घासून एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारं अस्तर, मारला नाही, तर त्यावर रंग धरतच नाही.

म्हणून अंबड एमआयडीसी. तिथे इलेक्ट्रिक पॅनेलच्या डब्यांना कोटिंग करणारे जॉबवर्कवाले बरेच आहेत, आणि कॅबिनेट म्हणजे तरी शेवटी पत्र्याचा डबाच. रिव्हेट ड्रिलने काढून सगळे भाग सुटे केले. रबरी पाय, प्लॅस्टिक, वायरी, स्टिकर, सगळं काढावं लागतं, कारण फवारलेली पावडर ज्या भट्टीत वितळवून पत्र्यावर बसवतात, ती १८० ते २०० अंशांवर चालते. एकट्या डब्यासाठी कुणी फवारणीचा बूथ साफ करून रंग बदलत नाही, ज्या दिवशी जो रंग चालू असेल तोच मिळतो. बहुतेक दिवस सिमेन्स ग्रे, म्हणजे आरएएल या रंगांच्या यादीतला ७०३२. मला काळा हवा होता, पण फोन आला तो पांढऱ्याचा. "साहेब, आज पांढरा चालू आहे, काळ्याला पुढच्या आठवड्यात बघू." मी पांढऱ्याला हो म्हटलं. फक्त प्युअर पॉलिएस्टर पावडर आहे ना, एवढं विचारून घेतलं. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी आहे. पैसे नव्या कॅबिनेटच्या पावपटसुद्धा लागले नाहीत.

आता मास्किंग. मदरबोर्डच्या ट्रेवरची आट्यांची भोकं, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) टेकतो ती मागची चौकट आणि मागच्या पोर्टांभोवती बसणाऱ्या आय-ओ शील्डच्या पट्टीची कड, एवढ्या जागा कोऱ्या ठेवायच्या होत्या. फोटोवर लाल गोल करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, शिवाय समोर उभं राहून सांगितलं. सुपरवायझर हो म्हणाले. हँगरवर माल टांगणाऱ्या मुलापर्यंत तो फोटो पोचलाच नाही. सगळं सरसकट रंगून आलं.

पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आट्याच्या दोन्ही बाजूंना तो बसला की स्क्रू शिरत नाही, आणि जोर केला की पातळ पत्र्यातले आटे जातात. तक्रार केली, तर म्हणाले फुकट पुन्हा कोटिंग करून देतो. म्हणजे थरावर अजून एक थर! टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून द्या म्हटलं, तर त्यांच्याकडे एम३ आणि एम४, म्हणजे ३ आणि ४ मिलिमीटरचे, एवढेच. कॅबिनेटचे बहुतेक आटे ६-३२ चे असतात, इंचाला ३२ आटे, व्यास साधारण साडेतीन मिलिमीटर. एम३ त्यात ढिला फिरतो. रविवार कारंजाच्या दुकानांतही ६-३२ चा टॅप मिळाला नाही, शेवटी ऑनलाइन मागवला. कोटिंगवर वाचलेले पैसे त्या टॅपने खाल्ले, याचा राग अजून आहे.

इथवर मी या कामाला पाचपैकी तीन दिले असते. पावसाळाभर पत्र्याला गंजाचा ठिपका नाही, स्क्रूखाली रंग निघाला नाही. त्यात पांढरा रंग मनात बसला. आधी वाटायचं, धूळ किती दिसते! सिंहस्थाच्या कामांनी सगळीकडे रस्ते उकरलेत, धुळीला तोटा नाही. पण दिसते म्हणूनच ती वेळेवर पुसली जाते, आणि ग्लॉसी असल्याने ओल्या फडक्याच्या एका हातात निघते. पडलेला स्क्रूही टॉर्चशिवाय सापडतो. तापमान कमी झालं का, असं सगळे विचारतात. झालं नाही. उष्णता पंख्याच्या वाऱ्याने बाहेर जाते, रंगाने नाही.

मग थंडी पडली. हवा कोरडी, अंगात स्वेटर, आणि पुढच्या यूएसबीला पेनड्राइव्ह लावला की चट्ट करून मशीन रीस्टार्ट. एकदा नाही, सारखं. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक पॉवर कॉर्डच्या अर्थ पिनला लावलं. ट्रेवर बीप आला. पुढच्या चौकटीवर नाही. भाग सुटे रंगवले आणि रिव्हेटही त्यांनीच मारून दिले, पण भोकांतला रंग न काढता. त्यामुळे पुढची चौकट पूर्ण अधांतरी, अंगातली स्थिर वीज जिरायला तिथे वाटच नाही. हे मला फार गंभीर वाटतं. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या बॉडीवर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगतं. करंट नगण्य असतो, हाताला नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्या झिणझिण्यांवरूनच अर्थिंग तुटल्याचं कळतं. वर रंगाचा थर असला की तेही कळत नाही.

पुढचे रिव्हेट पुन्हा काढले, भोकांतून ३.३ चा ड्रिल फिरवून उघडा धातू काढला आणि नवे रिव्हेट मारले. बीप आला. त्यानंतर पेनड्राइव्हने मशीन बसलेलं नाही.

त्यामुळे आता रंगाला पाच आणि कामाला दोन. ताईचं कॅबिनेट त्याच दुकानात नेणार आहे, कारण रंगाआधीच्या त्यांच्या सात टाक्यांच्या धुलाईला तोड नाही. पण आट्यांत जुने स्क्रू मी घरूनच घट्ट बसवून नेणार, आणि चौकटीला भट्टीत टिकणारी हिरवी पॉलिएस्टर टेप लावणार. साधी कागदी टेप भट्टीत करपून चिकटून बसते. रिव्हेट त्यांना मारू देणार नाही, आणि पैसे मल्टिमीटर लावल्यावर.