‘वाइसेनबुर्ग’ युद्धनौकेचं कागदी मॉडेल (१:२५०): एक पावसाळा काढल्यानंतर

मॉडेल जोडून झालं, पुण्याचा अख्खा पावसाळा त्याने काचेच्या कपाटात काढला, म्हणून आता सविस्तर लिहितोय. घ्यावं का? जरूर घ्यावं. फक्त मधल्या तोफांच्या नळ्या स्वतः कापून नीट करायची तयारी ठेवा. ती कशासाठी, हे कळायला मूळ जहाजाकडे वळावं लागतं.

जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग वर्गात एकाच आराखड्याच्या चार युद्धनौका होत्या, वाइसेनबुर्ग त्यातली एक. १८९० मध्ये बांधणी सुरू झाली आणि डिसेंबर १८९१ मध्ये ती श्टेटिनच्या व्हल्कन गोदीतून पाण्यात उतरली. त्याआधी बरीच वर्षं जर्मन आरमाराचा भर किनारा राखण्यावर होता. भर समुद्रात जाऊन लढतील अशा मोठ्या नौका या चौघींपासून पुन्हा बांधल्या जाऊ लागल्या. लांबी ११५.७ मीटर, वजन दहा हजार टनांच्या वर, खलाशी आणि अधिकारी मिळून ५६८ माणसं. मॉडेलची लांबी भरते ४६ सेंटीमीटर, म्हणजे पुस्तकांच्या कपाटात आरामात मावते.

आता तोफा. त्या काळच्या मोठ्या युद्धनौकेवर साधारणपणे चार अवजड तोफा असत, दोन पुढे आणि दोन मागे. वाइसेनबुर्गवर २८ सेंटीमीटरच्या सहा होत्या. तिसरी जोडी जहाजाच्या मधोमध, पुढच्या आणि मागच्या बांधकामांच्या बेचक्यात. पुढच्या-मागच्या तोफांची नळी तोंडाच्या व्यासाच्या ४० पट लांब, म्हणजे ११.२ मीटर. तेवढी नळी मधल्या जागेत एका अंगावरून दुसऱ्या अंगाला फिरली नसती, म्हणून तिथे ३५ पट, म्हणजे ९.८ मीटरची तोफ बसवली. या मापात दोन्हींत फरक पडतो साडेपाच मिलिमीटरचा. आणि संचात सहाही नळ्या एकाच मापाने छापल्यात! लांब नळी लावून बुरूज, म्हणजे तोफांच्या जोडीचं फिरतं चिलखती घर, फिरवला की टोक सरळ बांधकामाला जाऊन अडतं. मधल्या दोन्ही नळ्या मुळाकडून तेवढ्या कापल्या आणि बुरूज डावीकडून उजवीकडे मोकळा फिरला. आराखडा काढणाऱ्यांसमोरची अडचण अशी बोटांना कळते, तेवढ्यासाठी मला हे मॉडेल फार मोलाचं वाटतं.

सहा तोफा पाहून काही जण या नौकेला ड्रेडनॉटची पूर्वज म्हणतात. मला ते पटत नाही. १९०६ च्या ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेवर एकाच जातीच्या दहा तोफा होत्या, आणि सगळ्यांचा मारा एकत्र जुळवून लांबवर करायचा हा तिचा विचार होता. इथे तर दोन लांबीच्या तोफा, म्हणजे एकाच अंतरासाठी नेम वेगवेगळा धरायचा. कल्पना धाडसी होती यात शंका नाही, पण रस्ता वेगळा होता.

कागद चांगला जाड आहे, छपाई स्वच्छ. सांगाडा घट्ट बसतो. सगळ्यात वेळखाऊ काम बुरुजांच्या घुमटांचं. घुमटाचा कागद पाकळ्यांसारखा कापून दिलाय, आणि प्रत्येक पाकळीला गोल दांड्यावर आधी बाक दिल्याशिवाय कडा जुळत नाहीत. गोंद टूथपिकच्या टोकाने, अगदी नावापुरता लावायचा. जुलैत नाळेजवळची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, बाजूची पट्टी उकलली. पुन्हा चिकटवून वरून मॅट वार्निशचा हलका हात दिला, त्यानंतर काही हललं नाही. वार्निश जोडणीच्या आधीच मारलेलं बरं.

संचात जर्मन आणि तुर्की असे दोन ध्वज आहेत. तुर्की ध्वज लावू नका. १९०० मध्ये बॉक्सर उठावाच्या, म्हणजे चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बंडाच्या वेळी या चारही नौका चीनला जाऊन आल्या आणि त्यानंतर त्यांची मोठी डागडुजी झाली. मागच्या बांधकामात दुसरा नियंत्रण मनोरा आला. हे मॉडेल त्याच्या आधीच्या रूपाचं आहे. तुर्कांच्या उस्मानी आरमाराने वाइसेनबुर्ग आणि ‘कुरफ्यूर्स्ट फ्रीडरिश विल्हेल्म’ या दोघी विकत घेतल्या त्या १९१० मध्ये. या दोघींचं चिलखत उरलेल्या दोघींपेक्षा सरस होतं. वाइसेनबुर्गचं नाव झालं ‘तुर्गुत रेइस’, दुसरीचं ‘बार्बारोस हायरेद्दीन’.

जानेवारी १९१३ मध्ये, पहिल्या बाल्कन युद्धात, लेम्नॉसच्या लढाईत ग्रीक आरमाराचा गोळा बार्बारोसच्या मधल्या बुरुजावर बसला आणि तिथले सगळे तोफची मारले गेले. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटिश पाणबुडी ई-११ ने तिला मार्मारा समुद्रात बुडवलं. तुर्गुत रेइस मात्र बाल्कन युद्ध आणि पहिलं महायुद्ध या दोन्हींतून तरली. १९२० च्या दशकात तिचे दोन बुरूज काढून तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या आशियाई किनाऱ्यावर बसवले. ते आजही तिथे आहेत, आणि दोन्ही लांबीच्या तोफा शाबूत आहेत. तिथले फोटो समोर ठेवून मी नळ्यांची टोकं रंगवली. संचातल्या चित्रापेक्षा त्यांचा फार उपयोग झाला.

पहिलंच कागदी जहाज करत असाल तर हे घेऊ नका, घुमटांपाशी हात टेकाल. एक-दोन जहाजं जोडून झाली असतील तर बेलाशक घ्या. पानं उघडल्याबरोबर घुमट आणि नळ्यांच्या पानाची रंगीत झेरॉक्स काढून ठेवा, सुटे भाग वेगळे मिळत नाहीत.