पास्ट: फुकट, हलकं आणि जरा जास्तच आज्ञाधारक

मी रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात पोरांना सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर न्यायचं, पीव्हीसी पाइपची मीटरभर चौकट ठेवायची, आत काय काय उगवलंय ते मोजायचं आणि दिवाळीनंतर त्या आकड्यांशी झोंबायचं, हा आमचा दरवर्षीचा क्रम. झोंबायचं काम गेली सहा वर्षं ‘पास्ट’ या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर चालतं. ऑस्लोच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या ओविंड हामर आणि सहकाऱ्यांचं हे काम २००१ मध्ये आलं, तेही मुळात जीवाश्मवाल्यांसाठी. त्यांचं दुखणं आणि आमचं एकच: हाती आलेला नमुना तोकडा आणि जाती फार.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे इन्स्टॉल करावं लागत नाही. लॅबच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड ज्यांच्याकडे असतो ते प्रॅक्टिकलच्या दिवशी हटकून रजेवर! इथे पेनड्राइव्हवरून एक छोटी फाइल उघडली की काम सुरू. समोर एक्सेलसारखा तक्ता दिसतो, त्यामुळे पोरं बिचकत नाहीत. आर भाषाही फुकटच आहे, पण एका स्वल्पविरामासाठी तासभर घालवायची आमच्याकडे सोय नाही.

नवीन मुलांना मी आधी खोटा डेटा देते. चार जाती, प्रत्येकी दहा रोपं. शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांची वाटणी किती समान हे एका आकड्यात सांगणारं माप, आधी कॅल्क्युलेटरवर काढायचा, मग पास्टमध्ये. दोन्हीकडे १.३८६ आलं, म्हणजे चारचा नैसर्गिक लॉग, तरच पुढे जायचं.

आता खोड्या. विविधता निर्देशांकांसाठी जाती आडव्या ओळींत आणि चौकटी उभ्या रकान्यांत लागतात. क्लस्टर किंवा एनएमडीएस, म्हणजे कुठल्या चौकटी एकमेकींसारख्या ते पाहायचं असेल तर बरोबर उलट. तक्ता फिरवायला ट्रान्सपोज आहे, पण तो फिरवायचा आहे हे कोणी सांगत नाही. एका मुलीने तीस चौकटींचा तक्ता उलटा भरला आणि मोठ्या अभिमानाने मला चौकटींऐवजी एकाच फुलझाडाची, ‘सीतेच्या आसवांची विविधता’ आणून दाखवली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दुसरी खोडी जास्त गंभीर. सड्यावर गेंद या इवल्या फुलझाडाचा गालिचा पसरलेला असतो, त्यातली रोपं कोण मोजणार? मग आम्ही चौकटीत दर दहा सेंटिमीटरला दोरे बांधून शंभर घरं करतो आणि प्रत्येक जातीने किती जागा व्यापली ते टक्क्यांत लिहितो. शॅननला हे चालतं. चाओ-१ या दुसऱ्या निर्देशांकाला नाही, कारण तो एकदाच आणि दोनदाच सापडलेल्या जातींच्या संख्येवरून न दिसलेल्या जातींचा अंदाज बांधतो. ‘एक टक्का’ म्हणजे ‘एक रोप’ नव्हे. ही शंका मेनूला येत नाही, ती आपल्यालाच यायला हवी.

आणि तो पी-व्हॅल्यूचा, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्याचा आनंद! गुरं चरणारा एक सडा, कुंपण घातलेला एक सडा, दोन्हीकडे वीस-वीस चौकटी. दोन गटांतल्या जातींचा फरक तपासणारी परमानोव्हा चाचणी चालवली, ०.०००१ आलं. “मॅडम, जबरदस्त!” अरे, ही चाचणी चौकटी पत्त्यांसारख्या पिसून पाहते, आणि ९९९९ वेळा पिसून याहून लहान आकडा येऊच शकत नाही. शिवाय सडे दोनच. ते वेगळे आहेत एवढंच कळलं. दोष गुरांचा की मातीच्या जाडीचा, ते वीसच्या चाळीस चौकटी केल्या तरी कळणार नाही. त्यासाठी सडे वाढवायला हवेत. पर्यावरणशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच चुकीवर बोट ठेवलं होतं, ती अजून दरवर्षी आमच्या प्रोजेक्टांत उगवते.

मॅन्युअल मात्र उत्तम, प्रत्येक निर्देशांकाचं सूत्र दिलेलं. आलेख साधे, पण कामाचे. कुठला पर्याय निवडला होता हे महिन्याभराने आठवत नाही, म्हणून प्रत्येक क्लिक वहीत लिहायला लावते. पाचपैकी साडेचार. अर्धा त्या उलटसुलट तक्त्यासाठी कापला.

गेल्या वर्षी आम्ही फक्त सप्टेंबरात गेलो. यादीत दीपकाडी हे सड्यावरचं फुलझाडच नाही! ती जूनमध्ये फुलून मोकळी झालेली, तिला कुठला चाओ परत आणणार? यंदा पहिली फेरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवली आहे. छत्री आणि पेन्सिल सक्तीची, शाईचं पेन आणणाऱ्याने गाडीतच बसायचं.